हाताला लागायचं नाही

जून लागला की आमच्या सोसायटीत चेंडू आपटायला लागतात. इथे बेंगळुरूत पाऊस असा धड पडत नाही. संध्याकाळी सर्जापूर रोडवर गाड्या तुंबतात, आभाळ खाली उतरतं, भुरभुर सुरू होते आणि तेवढ्यात बास्केटबॉलच्या कोर्टावरून धप्, धप् असा आवाज वर येतो. चौथ्या मजल्यावर, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात तो नीट ऐकू येतो. शाळा नुकत्या उघडलेल्या असतात, शाळांच्या संघांची निवड तोंडावर आलेली असते, आणि एरवी ज्या मुलांना खाली खेळायला जा म्हणून ढकलावं लागतं ती ओल्या कोर्टावर घसरत घसरत सराव करत असतात. कडेला त्यांचे आईबाप छत्र्या धरून उभे. त्यांचे चेहरे मी ओळखते. आपली मदत होतेय की अडचण, हे न कळणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तो. दोन वर्षांपूर्वी माझा होता.

खरं सांगायचं तर अजूनही आहे.

त्या जूनमध्ये माझी मुलगी रेवा नववीत गेली, आणि नव्या शाळेत गेली. जुन्या शाळेत पटांगण म्हणजे बसगाड्या लावायची जागा. इथे आखलेलं कोर्ट, जाळ्या शाबूत असलेले रिंग, आणि हायस्कूलच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ. पहिल्याच आठवड्यात दप्तर टाकायच्या आधी ती म्हणाली, "आई, मला टीममध्ये जायचंय." वर्गात आपल्याशी कुणी बोलत नाही, हे तिने सांगितलं नव्हतं. पण डबा अर्धा परत येत होता. एकटं बसून खाणाऱ्या मुलाचा डबा अर्धाच परत येतो, हे मला हॉस्टेलमुळे माहीत आहे. संघातल्या मुली मधल्या सुट्टीत कोर्टाच्या कडेच्या बाकावर एकत्र जेवतात, एकमेकींच्या डब्यात हात घालतात, एवढं मात्र तिने दोनतीनदा सांगितलं. मी समजले. तिला त्या बाकावर जागा हवी होती.

आता बास्केटबॉल म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला माहीत? नवरा पुण्याचा. मंदारच्या घरी खेळ म्हणजे बुद्धिबळ, नाहीतर सोफ्यावर बसून दुसऱ्यांच्या क्रिकेटवर मत देणं. त्याने एका रात्रीत बरंच काही वाचून काढलं आणि सकाळी जाहीर केलं की या खेळात उंची लागते. रेवा माझ्यावर गेलेली. म्हणजे बुटकी नाही, पण बाजारात गर्दीत हरवेल अशी. मग उंचीचा कार्यक्रम सुरू झाला. भिजवलेले बदाम, दूध, आणि लटकायला बेडरूमच्या दारात एक लोखंडी दांडी. ती दांडी मंदारनेच बसवली आणि त्यानेच पहिल्यांदा लटकून बघितली. दांडी, तो आणि भिंतीचं प्लास्टर, तिघेही खाली आले. रेवा हसून हसून जमिनीवर लोळली. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "अरे, पोरीची उंची वाढवायची होती की स्वतःची कमी करायची होती?"

मी मात्र मनातून निर्धास्त होते. कारण मी खो-खो खेळलेली आहे. नुसती खेळलेली नाही, जिल्ह्याला खेळलेली आहे. मी वाळवा तालुक्यातली. आमच्याकडे मूल चालायला लागलं की थेट मैदानावर सोडतात म्हटलं तरी चालेल. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे, आई घरोघरी पापड लाटायला जायची, आणि मी संध्याकाळभर त्या मैदानावर. मऊ केलेली तांबडी माती, चुन्याच्या रेघा, दोन टोकांना दोन लाकडी खुंट. मधे आळीपाळीने उलट्यासुलट्या तोंडाने बसलेल्या मुली, आणि त्यांच्या मधून नागमोडी पळणारी मी. पाठलाग करणारीचा हात अंगाला लागला की बाद. आमच्या गुरव बाई कडेने ओरडायच्या, "पोरी, हाताला लागायचं नाही! तिच्या खांद्याकडं बघ, पायाकडं नको. खांदा आधी वळतो!"

ते वाक्य मी जन्मभर वापरलं. हे मी अभिमानाने सांगते. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा मी कुणाशी भांडले नाही. एकदा परीक्षा आहे म्हटलं. एकदा बाईंनी बोलावलंय म्हणून सकाळीच निघून गेले. एकदा सरळ मावशीकडे जाऊन तापाचं सोंग केलं. स्थळं आणणारा मामा म्हणाला, "ही पोरगी घरात असती कवा?" आणि त्याचं बोलणं पुरं होईतो मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पोचलेही होते. मला कुणी समोर उभं राहून 'नाही' म्हटलं नाही, कारण तेवढा वेळच मी कुणाला दिला नाही. कोण कुठे वळणार ते आधी बघायचं आणि आपण दुसरीकडून निघायचं. अशीच मी नोकरीत आले, अशीच बेंगळुरूत आले.

तेव्हा मुलीला मी दुसरं काय शिकवणार?

रोज ऑफिसमधून आले की साडी असो, जीन्स असो, पायात बूट चढवून मी खाली. पार्किंगमध्ये दोन ओळी खांब आहेत. त्यांच्यातून रेवा पळायची आणि मी मागे. "वाक अजून. कमरेतून. आता हूल दे. डावीकडे दाखव, उजवीकडे जा." पहिले दोन दिवस मी तिला सहज पकडलं. मग सापडेना. खांबाआडून नुसती वेणी दिसायची आणि तीही निसटायची. हातात चेंडू दिला तरी तिचं तेच. तळमजल्यावरचे निवृत्त अण्णा संध्याकाळची पूजा आटोपून बाहेर यायचे, आमच्याकडे बघत राहायचे आणि चेंडू त्यांच्या गाडीजवळ गेला की म्हणायचे, "मॅडम, स्वल्प मेल्लगे." म्हणजे जरा हळू. मी "सरी अण्णा" म्हणायचे आणि आम्ही आणखी जोरात पळायचो. भिजलेले बूट फ्रिजच्या मागे वाळत ठेवायचो. सगळ्या स्वयंपाकघराला त्यांचा वास. फोडणीत कढीपत्ता टाकला तरी तो वास काही हलायचा नाही. आजही पावसाळ्यात फ्रिजमागून झाडू फिरवला की मला तो वास आल्यासारखं होतं आणि उगीच पायांत वारं शिरतं.

निवड चाचणी आठवडाभर चालणार होती. पहिल्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेले आणि पायऱ्यांवर बसले. शेजारच्या बायका आपापल्या मुलींचे कोचिंग कॅम्प सांगत होत्या. माझं काय ते कोर्टावर दिसणारच होतं. आणि दिसलं. शिट्टी वाजली आणि माझी रेवा माशासारखी सुटली. तिच्याहून हातभर उंच मुली अंगावर यायच्या आणि त्यांच्या हाती नुसती हवा लागायची. एकीला तर तिने अशी हूल दिली की ती मुलगी स्वतःच्याच पायात अडकली. मी पायरीवरून उठून "शाब्बास!" असं ओरडले. शेजारचीने दचकून पर्स जवळ घेतली.

खेळ संपल्यावर मंजुळा मॅमनी मला हात केला. या रेवाच्या कोच. घट्ट अंबाडा, ठसठशीत कुंकू, गळ्यात शिट्टी. मी कौतुक ऐकायच्या तयारीने गेले.

"मॅडम, फास्ट है. बहुत फास्ट," त्या म्हणाल्या. "लेकिन ये सबसे भागती क्यूँ है?"

मला कळेना. "मतलब?"

"बॉल हमारे पास है तब ठीक. सूपर. पर सामनेवाली बॉल लेके आती है, तो ये रास्ता छोड देती है. पूरा रास्ता! ट्रॅफिक पोलीस माफिक. आइये, जाइये." त्यांनी हाताने करून दाखवलं. मागच्या मुली हसल्या. "डिफेन्समें खडा होना पडता है, मॅडम. बीचमें. धक्का लगेगा, लगने दो. किसने सिखाया इसको ऐसा?"

मी "पता नहीं" म्हणाले आणि तिथून निघाले. हो, निघालेच. कशी निघाले तेही सांगते. त्यांचा खांदा दुसऱ्या मुलीकडे वळताना दिसला आणि मी सटकले.

गाडीत रेवा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर सगळं ठप्प, वायपर कुरकुरतोय. एकदम म्हणाली, "तू मला चुकीचा खेळ शिकवलास."

"खेळ चुकीचा नसतो."

"मग मी का चुकले?"

जी गोष्ट मला अख्ख्या आयुष्यात उपयोगी पडली तीच मी मुलीला दिली, आणि ती घेऊन मुलगी कोर्टावर हसं करून घेऊन आली. यात नेमकं काय बिघडलं? माझं शिकवणं? तो खेळ? की मी इतकी वर्षं जे जिंकले म्हणत होते ते जिंकणं नव्हतंच? छे, असं कसं? मी इंजिनिअर झाले की नाही? झाले. स्वतःच्या पायावर उभी राहिले की नाही? राहिले. पण 'उभी राहिले' हा शब्द मनात आला आणि मी तिथेच अडखळले. उभी राहिले कुठे? पळालेच की. सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, आणि मला गिअर कुठला टाकायचा ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाने मला पार्किंगऐवजी खाली कोर्टावर नेलं. मंजुळा मॅमनी तिला शिकवलं होतं ते तिने मला दाखवलं. पाय खांद्याइतके लांब. गुडघे जरा वाकलेले. दोन्ही हात छातीशी. आधी जागा धरायची आणि हलायचं नाही. समोरची येऊन धडकली तर चूक तिची. शिट्टी तिच्याविरुद्ध.

"धडकून पाडलं तर पडणारीला काही नाही?" मी विचारलं.

"पडणारीला बॉल मिळतो."

"आणि लागलं तर?"

"आई, प्रश्न नको विचारूस. तू तिकडून जोरात पळत ये आणि मला धडक."

मी कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला गेले. पळत आले. ती समोर दगडासारखी उभी, डोळे मिटलेले. आणि अगदी जवळ आल्यावर माझं शरीर आपोआप वळलं. मी तिच्या बाजूने सुळकन निघून रिंगच्या खांबापाशी पोचले होते.

"आई!"

"परत, परत."

परत आले. परत वळले. या खेपेला मी मनाशी घट्ट ठरवलं होतं. पण पाय ठरवलेलं ऐकतात थोडेच? ते गुरव बाईंचं ऐकत होते. मंदार वरून गॅलरीतून चहा पीत बघत होता. "अगं, मुलगी आहे ती, ट्रक नाही," तो ओरडला. मी म्हटलं, "मग तू ये खाली." तो उशी घेऊन आला. उशीने धडक देणार होता. रेवाने त्याला तसंच परत पाठवलं.

शेवटी ती रडकुंडीला आली. "आई, लाग ना मला! एकदा तरी लाग!"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मी आठवू लागले की ही मोठी झाल्यापासून मी तिला शेवटचं घट्ट कधी धरलं. सकाळी ती दप्तर घेऊन एका बाजूने, मी लॅपटॉप घेऊन दुसऱ्या बाजूने. रात्री ती खोलीत, मी कॉलवर. कुठला विषय अवघड झाला की मी म्हणायचे, "बाबाला विचार," आणि स्वयंपाकघरात. आम्ही एकाच घरात एकमेकींना किती सफाईने चुकवत होतो! कुणाचा धक्का कुणाला लागत नव्हता, याला मी समजूतदारपणा म्हणत आले होते.

मग मीही डोळे मिटले आणि धावले.

आवाज मोठा झाला असणार, कारण अण्णा सोवळ्यातच धावत बाहेर आले. "अय्यो! मॅडम! एनायतु?" काय झालं म्हणून विचारत होते. मी पालथी, माझ्याखाली रेवा, दोघींच्या अंगाला कोर्टावरचं तळं लागलेलं. माझा गुडघा सोलवटला होता. आणि ती खालून हसत होती. "फाउल, आई! तुझा फाउल!" अण्णांना काय सांगावं ते मला कळेना. "प्रॅक्टिस" म्हटलं. त्यांनी आभाळाकडे बघून हात जोडले आणि आत गेले.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा पायऱ्यांवर होते, गुडघ्याला पट्टी बांधून. निहारिका नावाची एक मुलगी होती, संघातली जुनी, आडव्या बांध्याची. ती चेंडू घेऊन निघाली की बाकीच्या आपोआप पांगायच्या. ती निघाली. बाकीच्या पांगल्या. मधे रेवा. मी बघते तर तिने पाय लांब केले, हात छातीशी घेतले. मला ओरडावंसं वाटलं, "बाजूला हो!" तोंडात आलंच होतं. मी पदर तोंडात कोंबला.

धडक बसली. रेवा मागे फेकली गेली आणि घसरत रेषेबाहेर गेली. शिट्टी वाजली. सगळ्या मुली तिच्याकडे धावल्या. मी शेजारच्या बाईचा हात धरून विचारलं, "बाद झाली का हो माझी मुलगी?" तिला खो-खोचं कुठे माहीत? ती म्हणाली, "नो नो, इट्स गुड! व्हेरी गुड!" पडलेल्या मुलीसाठी टाळ्या वाजत होत्या. निहारिकाने हात देऊन तिला उठवलं आणि पाठीवर एक सणसणीत थाप मारली. मला आनंद झाला होता की राग आला होता, ते मी आजही नक्की सांगू शकत नाही. माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी माझ्या पोरीला पाडलं आणि मी ते चांगलं झालं म्हणून मान हलवत होते.

संघात तिचं नाव आलं. सगळ्यात शेवटी वाचलं गेलं, पण आलं. दुसऱ्या दिवसापासून डबा रिकामा परत यायला लागला, आणि वर निरोप, "आई, उद्या थालीपीठ जास्त दे, निहारिकाला आवडलं." पहिलं वर्षभर ती सामन्यांत बहुतेक बाहेरच बसून होती. ओळीने बसलेल्या राखीव मुली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मला वाटायचं, कुणीतरी मागून येऊन हिच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणावं आणि हिने उठून सुटावं. पण त्या खेळात तसं नसतं. तिथे मॅम बोट करतील तेव्हाच उठायचं. वाट बघत बसायचं हेही ती कुठून शिकली कोण जाणे. माझ्याकडून तर नाही.

आणि आता पुन्हा जून. रेवा अकरावीत. आता तीच खाली लहान मुलींना पाय कसे रोवायचे ते शिकवते. आवाज अगदी माझ्यासारखा आहे. फक्त सांगते ते नेमकं उलटं. "हलायचं नाही! येऊ दे तिला अंगावर!" मी वरून ऐकते. एक मन म्हणतं, बरोबर शिकवतेय. दुसरं म्हणतं, अगं पोरींनो, जरा पळायलाही शिका, सगळीकडे शिट्टी वाजवायला कुणी नसतं. माझ्या वेळी कुठे होतं? मी मामासमोर पाय रोवून उभी राहिले असते तर आज कुठे असते? हे रेवाला सांगायला हवं. पण तिच्या वाट्याला तसा मामा नाही. तिच्या वाट्याला मी आहे.

परवाचीच गोष्ट. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास मी तिच्यासाठी ठरवून टाकला होता, संध्याकाळचा, तिच्या सरावाच्याच वेळेचा. बोलायचं टाळत होते. क्लास सुरू झाला की आपोआप होईल, असं धरून चालले होते. सकाळी ऑफिसला निघाले, लॅपटॉपची बॅग खांद्याला, कॅब खाली आलेली. रेवा दारात.

"आई, क्लासचं मला बाबाकडून कळलं."

"संध्याकाळी बोलू. कॅब आलीय."

"आत्ता बोलू."

मी डावीकडून निघायला बघितलं. ती सरकली नाही. उजवीकडे बॅग अडकत होती. मी सवयीने तिच्या खांद्याकडे पाहिलं, कुठे वळतोय म्हणून. तो कुठेच वळत नव्हता.

"मला इंजिनिअरिंग करायचंय की नाही, ते तू विचारलंच नाहीस. पळू नकोस आई. विचार."

फोन वाजत होता, ड्रायव्हर असणार. मला आधी राग आला. ज्या पदवीसाठी मी अख्खं गाव चुकवून आले, त्या पदवीसमोर ही अशी आडवी उभी राहते? मग लक्षात आलं की हिला असं उभं राहायला शिकवताना स्वतःचा गुडघा मीच फोडून घेतलाय. आणि आत्ता मी धडक दिली तर चूक कुणाची धरतात, तेवढा नियम मला माहीत झालाय.

मी फोन कट केला. बॅग खाली ठेवली. काय विचारायचं ते सुचेना, म्हणून आधी पाय जरा लांब करून तिच्यासमोर उभी राहिले. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"गुडघे वाकव," ती म्हणाली.

वाकवले. आता दारात आम्ही दोघी समोरासमोर, दोघीही जागा धरून. चेंडू कुणाकडे आहे, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.